पुणे–हैदराबाद विमानाने सव्वा तास, मग वरवंडहून सहा तास का? समजून घ्या अंतराचे आणि वेळेचे गणित

मोबाइलवर ‘पुणे ते हैदराबाद’ असे शोधले की दोन उत्तरे येतात. रस्त्याने सुमारे ५६० किलोमीटर, साधारण १० तास. विमानाने सुमारे ५०० किलोमीटर, साधारण सव्वा तास. ही दोन उत्तरे पाहिली की निर्णय सोपा वाटतो. तिकीट परवडत असेल तर विमान, नाहीतर गाडी.

पण हे उत्तर पुणे विमानतळाजवळ राहणाऱ्यासाठी आहे. दौंड तालुक्यातील वरवंडच्या माणसासाठी गणित वेगळे आहे. वरवंड पुणे–सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून साधारण ६० किलोमीटर पूर्वेला आहे. हैदराबादही पूर्वेलाच. म्हणजे वरवंडचा प्रवासी मुळातच हैदराबादच्या ६० किलोमीटर जवळ आहे. तरीही विमान पकडायचे असेल तर त्याला आधी उलट्या दिशेने, पश्चिमेला लोहगावपर्यंत जावे लागते.

यात गंमत पुढे आहे. पुणे आणि हैदराबाद या दोन विमानतळांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर ओढली तर ती वरवंडच्या परिसरावरूनच जाते. म्हणजे दीड-दोन तास घालवून लोहगावला पोहोचायचे, तिथे पुन्हा दीड-दोन तास थांबायचे आणि मग साधारण आपल्याच गावाच्या दिशेने उडत निघायचे!

अंतर आणि वेळ यांचे हे नाते नेमके कसे असते, विमान कधी खरोखर वेळ वाचवते आणि कधी नाही, हे या उदाहरणावरून समजून घेऊया.

थोडक्यात महत्त्वाचे

• पुणे–हैदराबाद हवाई अंतर : सुमारे ५०० किमी
• पुणे–हैदराबाद रस्ता : सुमारे ५६० किमी
• वरवंड–हैदराबाद सरळ रेषेत : सुमारे ४५० किमी
• वरवंड–हैदराबाद रस्ता : सुमारे ५०० किमी
• वरवंड–पुणे विमानतळ रस्ता : सुमारे ६० किमी (उलट दिशेने)
• वरवंडहून घर ते मुक्काम, विमानाने : साधारण ६ तास २० मिनिटे
• वरवंडहून घर ते मुक्काम, मोटारीने : साधारण ९ तास २० मिनिटे

हवाई अंतर म्हणजे काय?

पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधला सर्वात जवळचा मार्ग हा प्रत्यक्षात एक कंस असतो. अक्षांश-रेखांश वापरून तो मोजतात. पुणे–हैदराबादसारख्या ५०० किलोमीटरच्या अंतरात हा कंस आणि नकाशावरची सरळ रेषा यांत जाणवण्याइतका फरक पडत नाही. पुणे–लंडनसारख्या प्रवासात मात्र तो मोठा असतो. विमान वाहतुकीत हे अंतर नॉटिकल मैलांत सांगतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्यामुळे पुणे–हैदराबाद अंतर २७० नॉटिकल मैलांच्या आसपास भरते.

पण विमान अगदी या रेषेवरून जात नाही. त्याला धावपट्टीच्या दिशेने उडावे लागते, ठरलेल्या हवाई मार्गांवरून जावे लागते आणि उतरताना पुन्हा दुसऱ्या धावपट्टीच्या दिशेला यावे लागते. लोहगावची धावपट्टी ‘१०/२८’ म्हणून ओळखली जाते. या आकड्यांना शून्य जोडले की होकायंत्रावरची दिशा मिळते : एका बाजूने साधारण १०० अंश म्हणजे पूर्व, दुसऱ्या बाजूने २८० अंश म्हणजे पश्चिम. हैदराबाद पुण्याहून १०५ ते ११० अंशांच्या दिशेला आहे. त्यामुळे विमान पूर्वेकडे तोंड करून उडाले तर जवळपास थेट मार्गाला लागते. पश्चिमेकडे उडाले तर त्याला वळून परत यावे लागते. कोणत्या बाजूने उडायचे, हे वारा आणि हवाई नियंत्रण कक्ष ठरवतो.

रस्ता हवाई मार्गापेक्षा किती लांब?

पुणे–हैदराबाद रस्ता सरळ रेषेपेक्षा फक्त ११ ते १२ टक्के लांब आहे. हे प्रमाण चांगले म्हणावे लागेल. तुलनेसाठी मुंबई–पुणे घ्या. सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर असलेला हा प्रवास रस्त्याने सुमारे १५० किलोमीटर होतो, म्हणजे २५ टक्के जास्त. कारण मध्ये खाडी आहे आणि बोरघाट आहे.

पुण्याहून पूर्वेला निघाले की दख्खनचे पठार लागते. मोठा घाट नाही. राष्ट्रीय महामार्ग ६५ पुण्याहून निघून आंध्र प्रदेशातील मछलीपट्टणमपर्यंत जातो. जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून ‘नऊ नंबर’ आहे, कारण आधी त्याचा क्रमांक ९ होता. वरवंडहून निघाले की पाटस, कुरकुंभ, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ आणि सोलापूर. पुढे नळदुर्ग, उमरगा. मग कर्नाटकातील हुमनाबाद, तेलंगणातील जहिराबाद, संगारेड्डी आणि पटानचेरूमार्गे हैदराबाद. सोलापूरपर्यंत सुमारे १९० किलोमीटर आणि तिथून पुढे सुमारे ३१० किलोमीटर.

म्हणजे प्रश्न अंतराचा नाही. रस्ता पुरेसा सरळ आहे. प्रश्न वेळेचा आहे.

५०० किलोमीटरला विमानाला सव्वा तास का लागतो?

एअरबस ए-३२० सारखे जेट विमान उंचीवर गेल्यावर ताशी सुमारे ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने उडते. त्या हिशेबाने ५०० किलोमीटरला ३६-३७ मिनिटे पुरायला हवीत. मग तिकिटावर सव्वा ते दीड तास का लिहिलेला असतो?

कारण तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान पार्किंगमधून हलते तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर पार्किंगमध्ये थांबते तोपर्यंतची ती वेळ असते. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर परत टर्मिनलपर्यंत येणे हे सगळे त्यात धरलेले असते. शिवाय थोडा उशीर झाला तरी वेळापत्रक कोलमडू नये म्हणून काही मिनिटे जास्तीची ठेवतात.

दुसरे कारण, एवढ्या कमी अंतरात विमानाला पूर्ण वेगाने उडायला फारशी जागाच मिळत नाही. ३० हजार फुटांवर चढायला साधारण २० मिनिटे जातात. खाली उतरायला तर १६०-१७० किलोमीटर आधीच सुरुवात करावी लागते. म्हणजे ५०० किलोमीटरपैकी मोठा भाग चढण्यात आणि उतरण्यात जातो. कमाल वेगाने उडण्यासाठी उरतात जेमतेम १०-१५ मिनिटे. सोलापूरसारख्या लहान विमानतळांवर येणारी एटीआरसारखी पंख्याची विमाने वेगाने कमी (ताशी सुमारे ५०० किलोमीटर) असूनही कमी अंतरात फारशी मागे पडत नाहीत, ती यामुळेच.

वरवंडहून प्रत्यक्ष हिशेब

आता खरा प्रवास मांडू. घराचे दार बंद केल्यापासून हैदराबाद शहरातल्या ठिकाणी पोहोचेपर्यंत.

विमानाने :

• वरवंड ते लोहगाव : १ तास ४५ मिनिटे
• विमानतळावर आधी पोहोचण्याची वेळ : १ तास ४५ मिनिटे
• विमान प्रवास : १ तास २० मिनिटे
• विमानातून उतरणे, सामान घेणे, गाडी शोधणे : ३० मिनिटे
• शमशाबाद विमानतळ ते शहर : १ तास
• एकूण : ६ तास २० मिनिटे

मोटारीने :

• ५०० किलोमीटर, सरासरी ताशी ६० किमी : ८ तास २० मिनिटे
• जेवण, चहा, इंधन : १ तास
• एकूण : ९ तास २० मिनिटे

विमानतळावर पावणेदोन तास आधी जाणे काहींना जास्त वाटेल. पण बहुतेक कंपन्यांचे काउंटर देशांतर्गत उड्डाणाच्या ६० मिनिटे आधी बंद होतात. हडपसरला कोंडी लागली तर हाताशी वेळ असावा म्हणून ६० किलोमीटरवरून येणारा माणूस लवकरच निघतो. शेजारी राहणारा तेवढी काळजी करत नाही. हैदराबादचे विमानतळही शहरात नाही. २००८ मध्ये बेगमपेठचे जुने विमानतळ प्रवासी वाहतुकीसाठी बंद होऊन ते शहराच्या दक्षिणेला शमशाबादला गेले.

आता हाच हिशेब पुण्यातल्या विमाननगरच्या रहिवाशासाठी करा. विमानतळापर्यंत १५ मिनिटे, तिथे दीड तास आणि पुढचे सगळे तेच. एकूण साधारण ४ तास ३५ मिनिटे. त्याला मोटारीने १० तासांहून जास्त लागतील. म्हणजे विमानामुळे विमाननगरच्या माणसाचे जवळपास ६ तास वाचतात, तर वरवंडच्या माणसाचे ३ तास. दोघेही तिकिटाला तेवढेच पैसे देतात.

वेगाच्या भाषेत सांगायचे तर वरवंड–हैदराबाद या ४५० किलोमीटरला विमानाने ६ तास २० मिनिटे लागतात, म्हणजे घर ते मुक्काम सरासरी ताशी ७१ किलोमीटर. विमान ८०० च्या वेगाने उडते, प्रवासी ७१ च्या वेगाने पोहोचतो.

वेळ नेमका कुठे जातो?

दुचाकी-चारचाकीवाल्यांचा एक नेहमीचा समज असतो की महामार्गावर वेग वाढवला की वेळ वाचतो. गणित थोडे वेगळे सांगते.

समजा ४५० किलोमीटर मोकळा महामार्ग आहे. ताशी ९० ने ५ तास लागतात. ताशी १०० ने साडेचार तास. म्हणजे साडेचारशे किलोमीटर सतत वेग वाढवून धरला तरी फक्त ३० मिनिटे वाचली.

आता हडपसर ते यवत हा सुमारे ४० किलोमीटरचा टप्पा घ्या. कोंडीमुळे तिथे सरासरी ताशी ३० मिळाली तर ८० मिनिटे जातात. हाच वेग ६० झाला तर ४० मिनिटे लागतात. म्हणजे फक्त ४० किलोमीटरचा टप्पा मोकळा झाला तर ४० मिनिटे वाचतात. प्रवासाचा वेळ जलद टप्प्यात जात नाही, हळू टप्प्यात जातो.

वरवंड, चौफुला, यवत, उरुळी कांचन, लोणी काळभोर या पट्ट्यातल्या लोकांना हे नव्याने सांगायला नको. त्यात ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की महामार्गावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात. चारपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर मोटारीला ताशी १०० ची मर्यादा असली तरी पुढे ताशी २०-२५ ने उसाची दुहेरी ट्रॉली चालली असेल तर ती मर्यादा पाटीवरच राहते. रात्रीच्या वेळी मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली तर जिवावर बेतते. म्हणून रात्री वेग वाढवून वाचवलेली १५ मिनिटे सर्वात महाग असतात.

हडपसर ते यवत या टप्प्यात उन्नत मार्ग करण्याला राज्य सरकारने २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. वरच्या गणितानुसार वरवंडहून विमानतळाला जाणाऱ्याला, पुण्याच्या रुग्णालयात जाणाऱ्याला आणि रोज हडपसरला नोकरीला जाणाऱ्यालाही याचा फायदा कोणत्याही नव्या विमानसेवेपेक्षा जास्त होऊ शकतो.

किती अंतरानंतर विमान फायद्याचे?

याचे एक सोपे सूत्र काढता येते. विमान प्रवासात उड्डाणाचा वेळ सोडून जो ठरलेला वेळ जातो तो आधी मोजा. वरवंडसाठी तो साधारण ५ तास आहे (विमानतळापर्यंत जाणे, थांबणे, बाहेर पडणे, पुढे शहरात पोहोचणे). त्यात छोट्या उड्डाणाचा एक तास मिळवला की झाले ६ तास. ६ तासांत मोटार थांबे धरून सुमारे ३२५ किलोमीटर जाते.

म्हणजे वरवंडच्या माणसासाठी सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरच्या आतल्या ठिकाणी विमानाने जाऊन वेळ वाचत नाही. विमाननगरच्या माणसासाठी हीच सीमा २२५-२५० किलोमीटरवर येते. हैदराबाद दोघांसाठी सीमेपलीकडे आहे, म्हणून विमान दोघांनाही उपयोगी पडते. नागपूरला जाताना तर प्रश्नच नाही. पण वरवंडहून सोलापूरला जायला रस्ताच बरा.

सोलापूरच्या विमानतळाचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. तिथे विमानाच्या मार्गात अडथळा ठरणारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये नूतनीकरण केलेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जून २०२५ मध्ये गोव्यासाठी सेवा सुरू झाली. सोलापूरकरांची ही मागणी जुनी होती. पण वरवंडहून सोलापूर विमानतळ गाठायला तीन-साडेतीन तास लागतात. त्यामुळे विमानतळ ‘त्याच महामार्गावर’ असला तरी वरवंडला लोहगावच जवळचे राहते.

पुरंदरचा विमानतळ झाला तर?

वरवंडच्या शेजारच्या तालुक्यात, पुरंदरमध्ये, नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ प्रस्तावित आहे. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या सात गावांची जमीन त्यासाठी निश्चित करण्यात आली. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. जुलै २०२४ मध्ये तिथे नवे टर्मिनल सुरू झाले, पण धावपट्टी हवाई दलासोबत वाटून घ्यावी लागते आणि वाढीला मर्यादा आहेत. नव्या विमानतळामागचे हे मुख्य कारण.

वरवंडला याचा किती फायदा होईल? अंतर कमी होईल हे नक्की. समजा जोडरस्ते चांगले झाले आणि तासाभरात विमानतळ गाठता आला, तर आजच्या हिशेबातून ४५ मिनिटे कमी होतील. ६ तास २० मिनिटांचे ५ तास ३५ मिनिटे होतील. जोडरस्ते झाले नाहीत तर एवढेही वाचणार नाही.

या ४५ मिनिटांची दुसरी बाजूही आहे. ज्या सात गावांची जमीन जाणार, तिथल्या अनेक शेतकऱ्यांचा विरोध आहे. मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी ग्रामस्थ आणि पोलीस आमनेसामने आले होते. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, सीताफळाच्या बागाही तिथे आहेत. नव्या विमानतळाच्या बाजूने बोलताना विमानफेऱ्या, मालवाहतूक, रोजगार असे अनेक मुद्दे असतात आणि त्यांवर स्वतंत्र चर्चा व्हायला हवी. पण ‘जवळ विमानतळ झाला की आपले तासन् तास वाचतील’ असे कुणाला वाटत असेल तर त्याने हा ४५ मिनिटांचा आकडा लक्षात ठेवावा.

सकाळी १० ला पोहोचायचे असेल तर?

शेवटी एक प्रत्यक्ष उदाहरण. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक आणि औषध कंपन्या आहेत. हैदराबाद हे औषध उद्योगाचे मोठे केंद्र. समजा वरवंडच्या एखाद्या तरुणाला तिथे सकाळी १० वाजता मुलाखतीला पोहोचायचे आहे. त्याच्यापुढे तीन पर्याय आहेत.

१. पहाटेचे विमान : रस्ता मोकळा असल्यामुळे लोहगाव सव्वा तासात गाठता येईल. तरी घरून पहाटे ४ च्या सुमारास निघावे लागेल. वेळेला जुळणारे विमान हवे. हिवाळ्यात धुके पडले तर उशीर धरावा लागेल. आणि पहाटे ४ वाजता वरवंडहून एसटी आणि बस बदलत विमानतळ गाठणे कठीण, म्हणजे गाडी ठरवावी लागेल. तिचे भाडे तिकिटात धरायला विसरू नका.

२. स्वतःची मोटार : रात्री साडेबाराच्या सुमारास निघावे लागेल. रात्रभर गाडी चालवून मुलाखतीला बसणे शहाणपणाचे नाही. दिवसा जायचे आणि चौघे मिळून जायचे असेल तर मात्र मोटार स्वस्त पडते. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ५०० किलोमीटरला सुमारे ३३ लिटर इंधन लागते. टोल वेगळा.

३. रात्रीची बस किंवा रेल्वे : पुण्याहून हैदराबादला जाणाऱ्या बस याच महामार्गाने जातात. बुकिंग करताना चौफुला किंवा पाटसला थांबा मिळतो का, ते आधी विचारून घ्या. रेल्वेचा मार्गही दौंड जंक्शन, सोलापूर, वाडी असाच आहे. घड्याळात ९-१० तास लागतात. पण त्यातले सहा-सात तास झोपेत जातात आणि उलट दिशेला एक किलोमीटरही जावे लागत नाही.

घड्याळाने विमान जिंकते. पण त्या तरुणाने संध्याकाळचे जेवण घरी करून, महामार्गावर बस पकडून, सकाळी हैदराबादमध्ये तोंड धुतले तर त्याचा दिवसातला किती वेळ वाया गेला? जवळपास काहीच नाही. पुण्यात राहणाऱ्यासाठी ‘सर्वात जलद’ असलेला पर्याय वरवंडसाठी ‘सर्वात सोयीचा’ असेलच असे नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी दोन शहरांतले अंतर आणि वेळ शोधताना तीन गोष्टी स्वतः मोजा. घरापासून विमानतळापर्यंत किती वेळ? विमानतळावर आणि उतरल्यावर किती वेळ? आणि तिथून मुक्कामापर्यंत किती? या तिन्हींची बेरीज विमान प्रवासात मिळवा आणि मग रस्त्याशी तुलना करा. वरवंडसाठी ही बेरीज ५ तास येते. तुमच्या गावासाठी किती येते, ते एकदा कागदावर मांडून पाहा.